सगळं काढून झालंय, सर

तुकोबांच्या पादुकांना सराटीला नीरेचं स्नान होतं, नदी ओलांडून पालखी आमच्या जिल्ह्यात येते आणि अकलूजच्या सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण लागतं. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतात. अलीकडे या रिंगणाभोवती आणखी एक रिंगण उभं असतं, हात उंचावून मोबाइल धरलेल्यांचं. त्यात माझे विद्यार्थीही असतात. अकरावी-बारावीच्या पंधरा-सोळा मुलामुलींचा फोटोग्राफीचा वर्ग मी रविवारी घेतो. रिंगणानंतरच्या रविवारी सगळ्यांचे फोटो सतरंजीवर मांडले, तर घोडा प्रत्येकाच्या चौकटीत मधोमध, चारही पाय हवेत आणि मागे पताकांचा भगवा पट्टा. आपला कोणता हे मुलांनाच ओळखेना. मी आदल्या वर्षीच्या तुकडीतला एक फोटो गुपचूप त्यात सरकवला होता. तोही कुणाच्या लक्षात आला नाही.

‘पुढच्या वर्षी वेगळं काय काढाल?’ मी विचारलं. मागच्या ओळीतला एक जण म्हणाला, ‘सर, घोडं पळालं की तेवढंच असतंय. वारी झाली, किल्ला झाला, घोडेबाजार झाला. सगळं काढून झालंय, सर. आता काय काढू?’

पोरगं खोडसाळपणे बोललं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. सतराव्या वर्षी गाव संपलं असं वाटणं ही तशी जुनीच गोष्ट आहे. पण कॅमेरा हातात असलेल्या मुलाला ते वाटतं तेव्हा त्याची जबाबदारी गावावर टाकता येत नाही, ती शिकवणाऱ्यावर येते. कल्पना सुचत नाही, सुचलेली शिळी झाली, सगळं कुणीतरी आधीच काढलंय: या तक्रारींचं मूळ माझ्या मते एकच आहे. मुलं विषयापासून फार लवकर उठतात. जेवण अजून वाढून व्हायचंय आणि पोरं हात धुवायला निघालीत, असा प्रकार. त्यांना नव्या कल्पना पुरवण्यापेक्षा पाटावरून उठू न देणं हे शिक्षकाचं पहिलं काम आहे, असं मी मानतो. माझं हे मत सगळ्यांना पटत नाही, त्याकडे पुढे येतोच.

मुळात ही सवय मुलांना लागली कुठून? आपल्या अकरावी-बारावीत फोटोग्राफी हा विषय बहुतेक ठिकाणी नाहीच. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला तो आहे आणि तिथे शेवटच्या फोटोंबरोबर ती कल्पना वाढली कशी, वाटेत काय टाकून दिलं, यालाही गुण असतात. आपल्याकडच्या मुलाचा चित्राशी शाळेतून आलेला संबंध म्हणजे फार तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्या परीक्षांबद्दल मला आदर आहे, त्यांनी खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हातात ब्रश दिला. पण त्यातल्या स्मरणचित्राचं आपण काय केलं ते आठवा. मुलाने जे पाहिलं ते आठवून काढावं, यासाठी तो पेपर. प्रत्यक्षात बाजार, बसस्टॉप, पाणवठा अशी चार-पाच चित्रं तयार करून घ्यायची आणि विषय कोणताही येवो, उजवीकडे झाड, डावीकडे पाठमोरी बाई, मध्ये सायकलवाला बसवून द्यायचा. स्मरण होतं ते पाठांतराचं, पाहिलेल्याचं नव्हे. श्रेणी मिळायची, दहावीला वाढीव गुणही मिळायचे. तोच सायकलवाला आता मोबाइलमध्ये आला आहे. मावळतीसमोर काळी आकृती, फाटक्या कपड्यातलं हसरं पोर, सुरकुतलेले हात, पाण्यातलं प्रतिबिंब. इन्स्टाग्रामने यात नवं काही केलं नाही, पाठांतराचा वेग तेवढा वाढवला.

मीही शहाणा नव्हतो. एका वर्षी मोठ्या उत्साहाने ‘एकटेपणा’ असा विषय दिला. सतरा फोटो आले. त्यांतल्या बारांमध्ये मित्राला पाठमोरं बसवलेलं होतं, कुठे किल्ल्याच्या तटावर, कुठे नीरेकाठी. तिघांनी वाळकं झाड शोधलं होतं. उरलेल्या दोघांनी एक रिकामी खुर्ची आपापसांत वाटून घेतली होती. मी मुलांवर चिडलो आणि घरी आल्यावर लक्षात आलं की चुकलो मी. भाववाचक नाम दिलं की मुलं त्याचा अर्थ शोधत डोक्यात जातात आणि डोक्यात आधीच ठेवलेलं असतं तेच उचलून आणतात. त्यानंतर मी विषय देणं सोडलं. आता अट देतो. कॅमेरा जमिनीपासून एक वीतभरच उंच धरायचा. माणूस चौकटीत येता कामा नये. एकाच फरशीवर तासभर उभं राहायचं आणि पाय हलवायचे नाहीत. अट दिली की मुलं आधी कुरकुरतात, मग पाहायला लागतात, कारण ठरलेला फोटो त्या अटीत बसतच नाही.

या पद्धतीचे गुरू मला लांब शोधावे लागले नाहीत. अकलूजची लावणी स्पर्धा महाराष्ट्राला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकापासून कितीतरी फडांच्या कलावंतिणी इथे येऊन गेल्या. लावणी म्हटलं की मुलांना ढोलकी आणि शिट्ट्या आठवतात. मी त्यांना बैठकीच्या लावणीबद्दल सांगतो. पद्मश्री यमुनाबाई वाईकरांसारखी कलावंतीण बसल्या जागी एकच ओळ धरायची. शब्द तेच, चाल तीच. पहिल्या वेळी डोळ्यांत लटका राग, दुसऱ्या वेळी विनवणी, तिसऱ्या वेळी मानेच्या नुसत्या झटक्याने थट्टा. ओळ पुढे सरकत नाही आणि ऐकणारा कंटाळत नाही. कल्पना ताजी ठेवणं म्हणजे काय याचं यापेक्षा उघड उदाहरण मला माहीत नाही. कीर्तनकारही वेगळं काय करतो? एक अभंग घेतो आणि दोन तास त्याचं निरूपण करतो. ज्या गावाने या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं पाहिल्या, त्या गावातलं पोर एक घोडा एकदा काढून ‘झालं’ म्हणतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

फोटोग्राफीत याचा अस्सल मराठी दाखला दादासाहेब फाळक्यांचा. सिनेमा काढायचा तर भांडवल हवं आणि पैसेवाल्यांचा विश्वास बसत नव्हता. १९१२ साली फाळके इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत राहिले, महिन्याहून अधिक काळ. पडद्यावर तो वाटाणा बघता बघता उगवला, वाढला, वेल झाला आणि पैसा उभा राहिला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. मला त्या चित्रपटापेक्षा ही कुंडी अधिक शिकवते. फाळके विषयाच्या शोधात कुठे गेले नाहीत. घरातली कुंडी, वाटाण्याचा दाणा आणि कॅमेऱ्याला विचारलेला एक नवा प्रश्न: डोळ्याला जे दिसत नाही इतकं सावकाश चालतं, ते तू दाखवशील का?

कल्पना म्हणजे बहुतेक वेळा असा प्रश्नच असतो, आणि जुना प्रश्न संपला की नवा सुचतो. म्हणून माझ्या वर्गातला मुख्य गृहपाठ एकाच वस्तूचे किंवा एकाच जागेचे चाळीस फोटो असा आहे. हा प्रकार जवळून दाखवावा म्हणून एका मुलीचं सांगतो.

ती बारावीला होती. पहाटे किंवा दिवेलागणीला, म्हणजे उजेड चांगला असतो नेमका तेव्हा, मुलीने कॅमेरा घेऊन गावात फिरावं हे तिच्या घरी चालणारं नव्हतं. फोटोग्राफी शिकवणारे पुरुष, मीही त्यांत आलो, ‘बाहेर पडा, भटका’ असं इतक्या सहज सांगतात की वर्गातल्या निम्म्या मुलींना ते लागूच नाही हे आमच्या गावी नसतं. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. तिने गिरणी घेतली. पहिले दहा-बारा फोटो मी न बघता सांगू शकलो असतो: जात्यातून पडणारं पीठ, वरच्या कौलातल्या काचेतून आलेला उजेडाचा झोत, त्यात तरंगणारे कण, वडिलांचा हात. छान होते. इथे ती थांबायला तयार होती आणि तिची चूकही नव्हती, कुठल्याही स्पर्धेत तो झोताचा फोटो नंबरात आला असता. मी म्हटलं, अजून अठ्ठावीस.

पुढच्या रविवारी ती वैतागून आली. तेराव्यापासून विसाव्यापर्यंतचे फोटो वाईट होते, तिरपे, उगाच जवळून घेतलेले. नवं काहीतरी दिसावं म्हणून माणूस धडपडतो तसे. ही पायरी प्रत्येकाला लागते आणि इथेच शिक्षकाने कौतुकही करू नये, रागावूही नये. तिसऱ्या आठवड्यात तिने एक फोटो ठेवला. दुपारची वेळ, वीज गेलेली, गिरणीत कुणी नाही. बाया आपापले डबे नंबराला लावून घरी गेल्या आहेत. स्टीलचा डबा, तेलाचा पत्र्याचा डबा, कडी तुटली म्हणून चिंधीने बांधलेला एक, खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, झाकणावर रंगाने घातलेलं आडनाव. रांग माणसांसारखीच थोडी वाकडी. एक डबा दुसऱ्याच्या पुढे किंचित सरकवलेला.

‘सर, हा सरकवलाय तो कुणाचा ते मला माहितीय,’ ती म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. तिथून तिला वाट सापडली. पुढचे फोटो एकेका डब्याचे होते, पासपोर्ट फोटोसारखे, समोरून, पांढऱ्या भिंतीपुढे. माणूस एकही नाही आणि सगळी गल्ली ओळखू येते. ही कल्पना तिला पहिल्या दिवशी बसून विचार करायला लावला असता तर आली नसती. मलाही आली नसती. ती सत्ताविसाव्या की अठ्ठाविसाव्या फोटोत आली, कंटाळ्याच्या पलीकडच्या काठावर.

एडवर्ड वेस्टनचं नाव मी तिला यानंतर सांगितलं. १९३०च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात हा माणूस ढोबळी मिरचीच्या मागे लागला होता. किमान तीस निगेटिव्ह केल्या. एक मिरची शेवटी पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली तेव्हा उजेड तिच्याभोवती हवा तसा वळला. जगाला ठाऊक असलेला तो फोटो ‘पेपर नंबर ३०’ याच नावाने ओळखला जातो. आकडाच सगळं सांगून जातो. प्रागमधल्या योसेफ सुदेकने १९४०पासून पुढे चौदा-एक वर्षं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले, सुरुवातीची वर्षं तर नाझींच्या अंमलाखालची. बाहेर पडण्याची सोय नसलेल्यांनी सुदेककडे जरूर पाहावं. पण ही नावं मी आधी सांगत नाही. आधी सांगितली की पुढच्या रविवारी पंधरा खिडक्या येतात.

यावर माझा एक मित्र भांडतो. तो चित्रकलेचा शिक्षक आहे, माझ्याहून जास्त वर्षं शिकवतोय. त्याचं म्हणणं, खेड्यातल्या मुलांनी आधीच कमी पाहिलंय, त्यात तू त्यांच्यापासून मोठ्यांची कामं लपवतोस. नक्कल केल्याशिवाय कुणी शिकलंय का? गाणं शिकणारा गुरूची नक्कलच करतो. त्याचं निम्मं मला मान्य आहे. नक्कल करावी, पण नाव घेऊन करावी. आमच्या वर्गात वर्षातून एकदा बाजारातून ढोबळ्या मिरच्या आणि स्वयंपाकघरातलं नरसाळं येतं आणि मुलं वेस्टनची उघड नक्कल करतात. उजेडाबद्दल जे त्या दोन तासांत कळतं ते माझ्या दहा व्याख्यानांत कळत नाही. घात होतो तो आपण कुणाची तरी नक्कल करतोय हे माहीतच नसतं तेव्हा. रिंगणातल्या घोड्याचं तेच झालं होतं.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. पोरगं पुढे लग्नांच्या ऑर्डरी घेणार, प्री-वेडिंग करणार, त्याला कल्पना कशाला, कॅमेरा नीट चालवायला शिकवा. पोटाचा प्रश्न कलेपेक्षा लहान आहे असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण कॅमेरा नीट चालवण्याचं बरंचसं काम आता कॅमेराच करतो. फोकस तो धरतो, उजेड तो मोजतो, रंग मोबाइल सुधारून देतो. गावात दहा जणांकडे तोच कॅमेरा असेल तर अकरावा कशावर ऑर्डर मिळवणार? भाव पाडून, नाहीतर नजरेवर. आणि नजर ही काही उपजत देणगी म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही, मेहनतीने बसते, हात बसतो तशी.

‘ड्रोन असता तर’ हे तिसरं पालुपद, ते मुलांचं. उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकात वारी आकाशातून दिसते आणि ती खरोखर वेगळी दिसते, हे कबूल. पण संदेश भंडारे यांच्या ‘वारी : एक आनंदयात्रा’मधली वारी पाहा. तिथे कॅमेरा माणसांच्या उंचीवर आहे, त्यांच्यातच चालतो आहे. याच भंडाऱ्यांनी तमाशावर ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ केलं, त्यात रंगमंचाइतकंच कनातीमागचं जगणं आहे. सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर असेच वर्षानुवर्षं राहिले. यांच्या कामात चमत्कारिक कोन फारसे नाहीत. ही माणसं कार्यक्रम संपल्यावर घरी गेली नाहीत, एवढंच. वारी आणि तमाशा दोन्ही ज्या गावातून जातात तिथल्या मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

माझ्या पद्धतीतही खोट आहे. चाळीसचा नियम काही मुलांना मारून टाकतो. एका मुलाने ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचे चाळीस फोटो मुकाट्याने आणून दिले, एकसारखे, हजेरी लावल्यासारखे, आणि मग तो वर्गाला यायचा थांबला. नंतर कळलं, त्याला तिथे उभं राहायचीच लाज वाटत होती. कोपीपुढे कोयत्याला धार लावणाऱ्या बाईने त्याला एकदा विचारलं होतं, ‘काय करतोस रं आमच्या फोटूचं?’ त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि मी त्याला ते तयार करून दिलं नव्हतं. माणसांपाशी थांबायचं तर आधी त्यांच्याशी बोलायचं, नाव सांगायचं, पुढच्या खेपेला छापलेला फोटो नेऊन द्यायचा, हे मी तेव्हापासून चाळीसच्या आधी शिकवतो. वस्तूपाशी नुसतं थांबून चालतं, माणसापाशी नाही.

शिळ्या झालेल्या कल्पनेचं काय करायचं, यावर माझ्याकडे एकच खात्रीचा उपाय आहे: टाकलेले फोटो. वर्षाच्या मध्यावर मुलांनी डिलीट करायला काढलेले फोटो आम्ही गावातल्या स्टुडिओतून पोस्टकार्डाच्या आकारात छापून आणतो, एक फोटो साधारण एका चहाच्या पैशात, आणि सतरंजीवर पालथे टाकतो. ज्याने त्याने दुसऱ्याचा उचलायचा आणि मागे पेन्सिलीने तीन प्रश्न लिहायचे. फोटो चांगला की वाईट हे लिहायचं नाही. ‘आता काय काढू’ म्हणणाऱ्या त्या मुलाचाही एक फोटो त्यात होता. रिंगणात घोडा निघून गेल्यावर चुकून बटण दाबलं गेलेलं: रिकामी पायवाट, एक वाकलेली म्हातारी आणि तिचा जमिनीकडे गेलेला हात. मागे कुणीतरी लिहिलं होतं, ‘ही काय उचलती?’

टापांखालची माती उचलत होती, कपाळाला लावायला. हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि एकाच्याही फोटोत नव्हतं, कारण घोडा गेला की सगळ्यांनी मोबाइल खाली घेतले होते. पुढच्या रिंगणात त्या मुलाने घोड्याचा एकही फोटो काढला नाही. अश्व गेल्यानंतरची वाट तेवढी काढली, आणि वाकलेली माणसं.

शाळांकडे माझं मागणं लहान आहे. विषय, पाठ्यपुस्तक, परीक्षा यांतलं काही नको. व्हरांड्यातली एक भिंत द्या आणि तिच्यावर मुलांचा एकच एक विषय महिनाभर राहू द्या. बक्षीस ठेवू नका, बक्षीस ठेवलं की झोताचा फोटो येतो. भिंत मिळेपर्यंत आमची सोय झाली आहे. डब्यांचे सतरा फोटो त्या मुलीच्या वडिलांनी गिरणीतच खिळे मारून लावलेत. दळण ठेवायला आलेल्या बाया आधी आपला डबा शोधतात. पीठ बसतं, म्हणून दर रविवारी फोटो पुसावे लागतात.